टीव्हीवरची ती किंचाळी

मासळीच्या दुकानात रांगेत उभी होते. मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, तुम्ही त्या किंचाळणाऱ्या ना?”

हा प्रश्न ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. ग्वेनमावशीच्या पन्नाशीला आम्ही वेल्समधल्या स्वान्सी शहरातल्या एका क्लबात गेलो होतो, पुरुष नाचता नाचता कपडे उतरवतात तो कार्यक्रम बघायला. तिथे टीव्हीवाले आले होते. गर्दीत कुणाची तरी टाच माझ्या पायावर पडली, मी ओरडले. टीव्हीवर दिसलं ते एवढंच – आ वासलेली मी, आणि वर निवेदन : ‘पुरुषांसाठी वखवखलेल्या बायका!’ मी शिकवते त्या शाळेत मुलांच्या आया तोंडावर हात धरून हसत होत्या.

मी तावातावाने वळले. मागे एक तरुण उभा होता. अंगभर कपड्यांत आधी ओळखूच आला नाही. पण ते डोळे –

“तुम्ही... नाचणारे?”

“इओलो. टीव्हीच्या भाषेत ‘पोटासाठी लाज विकणारा अभागी’!” तो वैतागला होता. “मला रडताना दाखवलंय. अंगाला चोळलेलं तेल डोळ्यात गेलं होतं हो! आवडतं म्हणून नाचतो, हे किती वेळा सांगितलं. सगळं कापलं.”

“आणि माझा पाय कापला!”

मासळीवाल्याने दचकून माझ्या पायाकडे पाहिलं. आम्ही दोघं हसत सुटलो.

मग समुद्रावर फिरणं सुरू झालं. वारा केस विस्कटायचा, तो ते हळूच कानामागे सारायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही.

आणि एक दिवस टीव्हीवाल्या बाईंचा फोन. “तुमची प्रेमकहाणी दाखवायचीय! तुमच्यासाठी त्याने नाच सोडला, तुम्ही त्याला सावरलंत – असं.”

मी त्याच्यावर भडकले. “तूच सांगितलंस ना त्यांना?”

तो तडक निघून गेला.

संध्याकाळी ग्वेनमावशी म्हणाली, “अगं, मीच कळवलं! किती गोड दिसाल दोघं.”

कपाळावर हात मारला आणि त्याच्या तालमीच्या जागी धावले. तो एकटाच नाचत होता.

“इओलो, चुकले मी. मावशीचा उद्योग होता.”

“मला पण फोन आला होता. नाही म्हटलं.” तो नाच थांबवून जवळ आला. “पण नेरिस, खरं सांग... मी नाच सोडावा, असं वाटतं तुला?”

“त्या बायका तुझ्या अंगाला हात लावतात ना, तेव्हा जीव जळतो माझा. खूप जळतो! पण... सोडू नकोस. नाचताना तू किती खूश असतोस.”

“हे प्रेम म्हणायचं, की वैताग?”

“दोन्ही,” मी त्याच्या घामेजलेल्या खांद्यावर कपाळ टेकवलं. “आत्ता वैताग जास्त आहे.”