दोन बोटांची जागा

"थोडीशी वीज मिळाली म्हणून रुसतोस काय रे कारट्या? आहे त्यात भागव की!"

मी माझ्या सर्किटला मराठीत दटावत होते. प्रयोगशाळेत सगळे तमिळ बोलणारे, कुणाला कळणार? तर मागून आवाज आला...

"रोज एकादशी करायला लावलीस, तर रुसेल नाही तर काय!"

वळून पाहिलं. चष्मा, बाहीवर जळका डाग, ओठ दाबून आवरलेलं हसू. तो विश्वेश. माझ्यासारखाच तंजावूरचा, घरी मराठी बोलणारा. आमची ओळख झाली ती अशी.

मोबाइलमध्ये अँटेनाकडून येणारा दुबळा संकेत ज्याच्याकडे सगळ्यांत आधी येतो, तो अॅम्प्लिफायर मी बनवत होते. बॅटरी टिकावी म्हणून त्याला वीज कमी द्यायची. पण वीज कमी केली, की त्याचं अँटेनाशी जुळत नाही आणि आलेला संकेत दारातूनच परत फिरतो. जुळलं, की मोजणीच्या यंत्रावरची रेघ एका जागी खोल उतरते.

यंत्राची केबल जाड आणि माझं सर्किट काडेपेटीएवढं. केबल जोडली, की ते एका कडेनं उचललं जाई. विश्वेश ती कड दोन बोटांनी दाबून धरी. मी जुळणीसाठी कपॅसिटर बदली, रेघ पाही... आणि मधूनच त्याची बोटंही.

"बोटं दुखली असतील," मी म्हणे.

"दुखू देत. इथून दिसतं छान."

"काय दिसतं?"

"...रेघ."

महिन्याभरानं रेघ खोल उतरली. आता फक्त शुक्रवारची परीक्षा उरली होती.

आणि त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत वरलक्ष्मी नव्यानं आली. ओरत्तनाडूहून बसनं येणारी, केसांत रोज ताजा कदंबम, रंगीत फुलापानांचा गजरा. त्यातला मरवा दारातूनच दरवळायचा. दुसऱ्या दिवशी ती विश्वेशला म्हणाली, "बस चुकली रे, धावत आलें."

मराठीत!

तिच्या फुलांचं एक वेळ सोसलं असतं. पण या खोलीतली मराठी आमची दोघांची होती ना? मग तो तिच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात काहीबाही बोलायचा. मी बघितलं, की दोघं गप्प. बुधवारी त्याच्या वहीत मरव्याचं पान सापडलं. त्या दिवशी कॅन्टीनची कॉफी मला कडू लागली. साखर दोनदा घातली, तरी कडूच.

गुरुवारी दुपारी मी सर्किट चिकटपट्टीनं टेबलाला बसवलं. कुणाची बोटं नकोत मला! यंत्र सुरू केलं, तर रेघ वरच. सकाळी यंत्राशी वरलक्ष्मी बसली होती.

"कॅलिब्रेशन बिघडवलंस तू!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "सगळंच हवं का गे तुला?"

माझ्या डोळ्यांदेखत तिनं यंत्र पुन्हा पहिल्यापासून नीट लावलं. रेघ तशीच वर. उद्या परीक्षा, आणि माझे डोळे भरून आले.

आवाज ऐकून विश्वेश आला आणि सवयीनं त्यानं कडेवर दोन बोटं टेकवली.

रेघ खाली उतरली.

त्यानं बोटं उचलली, रेघ वर. टेकवली, खाली.

"अय्यो!" वरलक्ष्मी हसायला लागली. "यंत्राचा दोष नाही गे. महिनाभर याच्या बोटांसकट जुळवत बसलीस तू!"

हात जवळ असला, की जुळणी बदलते, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मला कसं सुचलं नाही? मान वर करवेना. "वरलक्ष्मी, माफ कर... काहीतरीच बोलले मी."

"करीन. पण आधी याला विचार, ही फुलं कोणाची." तिनं केसांतून कदंबम सोडला. "तीन दिवस रोज माझ्याकडून आणवतो. द्यायला धीर होत नाही. मग सुकायच्या आत मी माळतें. आणि दिवसभर तुझंच पुराण ऐकतें!"

विश्वेशचे कान लालबुंद. "ताजा उद्या..." तो पुटपुटला.

"आधी सर्किट," मी म्हणाले. "बोटं काढ. परीक्षकांपुढे तुला कड धरायला थोडंच उभं करणार? याला तुझ्यावाचून जमायला हवं."

त्यानं हात मागे घेतला. मी कपॅसिटर बदलला, पुन्हा बदलला. वरलक्ष्मी आकडे वाचत होती. पाचव्या वेळी रेघ उतरली... एकटीच, खोल.

"जमलं," विश्वेश हळूच म्हणाला. "आता माझी काही गरज नाही म्हणायची."

मी पडद्याकडेच पाहत राहिले. टेबलाखाली मात्र त्याची ती दोन बोटं शोधली आणि घट्ट धरली.

"सर्किटला नाही," मी म्हणाले.