रेषेपलीकडची चिठ्ठी

व्हिसा ऑफिसातल्या त्या खुर्चीवाल्यानं कामचुकारपणा केला, हे त्याच्या तोंडावर सांगायला हवं. जाई प्रधानचा पासपोर्ट त्यानं धड उघडला नाही. निनावी पत्र मात्र चवीनं वाचलं आणि सायप्रसचा व्हिसा नाकारला.

"एक तारखेला निकोसियाला हजर झाले नाही, तर मॅनेजरची जागा गेली," जाई म्हणाली.

२००७चा फेब्रुवारी. मरीन परेडमधलं अश्लेषा कर्णिकचं डिटेक्टिव्ह ऑफिस. तिचा मदतनीस प्रबोध शेजारी बसला होता. या धंद्यात तो तिच्याआधी सहा वर्षं आलेला. दारावरच्या पाटीवर नाव मात्र तिचं. ते त्याला रोज सलायचं.

सायप्रसचं बेट दोन राजवटींत दुभंगलेलं. उत्तरेच्या विमानतळावरून शिरणं दक्षिणेच्या लेखी बेकायदा. जाईनं तेच केलं, असा व्हिसा ऑफिसनं तिला दिलेल्या पत्रातला आरोप. पुरावा म्हणून उत्तरेच्या शिक्क्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडलेली. शिक्क्याशेजारी काळा डाग.

"नोव्हेंबरात मी दक्षिणेतच उतरले. लार्नाकाचा शिक्का आहे पासपोर्टवर! दोन दिवसांनी हद्दीच्या नाक्यावरून चालत उत्तरेत गेले, संध्याकाळी परत. तिकडचे लोक सुट्या चिठ्ठीवर शिक्का मारतात."

"चिठ्ठी कुणी पाहिली?" अश्लेषानं विचारलं.

"माझ्या ऑफिसातल्या निशिकांतनं. डिसेंबरात फाइलसाठी झेरॉक्स काढली त्यानं. मग मैत्रीण मेधानं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. फोटो दाखवताना माझंच कुंकवाचं बोट लागलं चिठ्ठीला. लगेच माझ्या नि नवऱ्याच्या तिजोरीत ठेवली."

चांगी बिझनेस पार्कातल्या जाईच्या ऑफिसात निशिकांत फणकारला, "सीनिअर मी, आणि सायप्रस तिला? जळतो मी! लपवतोय कुठं?"

वुडलँड्सला मेधा म्हणाली, "आम्ही इथं भाड्याच्या फ्लॅटात, बाईसाहेब युरोपात! त्या हळदीकुंकवानंतर तिच्या घरी पाऊल टाकलं नाही मी."

जाईच्या घरी तिचा नवरा शिरीष चहा घेऊन आला. "घ्या हो! आमच्याकडे आता साहेब तीच." तो हसला. प्रबोधला ते हसू ओळखीचं वाटलं. अश्लेषाचं कौतुक झालं की तो स्वतः तसंच हसायचा.

"निशिकांतच," प्रबोध कुजबुजला. "झेरॉक्स त्याच्याकडेच आहे."

"त्याची डिसेंबरातली, प्रबोध. तेव्हा चिठ्ठीवर डाग नव्हता." अश्लेषानं पत्राला जोडलेली झेरॉक्स टेबलावर ठेवली. "हा डाग कुंकवाचा. लाल रंग झेरॉक्समध्ये काळा उमटतो. म्हणजे ही प्रत संक्रांतीनंतरची."

"मग मेधा!"

"डाग पडला तशी चिठ्ठी तिजोरीत गेली. मेधा पुन्हा आलीच नाही. तिजोरी उघडणारी माणसं दोन. त्यातल्या एकीला व्हिसा हवाय."

शिरीषचं हसू विरलं.

"परदेशच्या बदलीचे माझे अर्ज दोनदा फेटाळले माझ्या कंपनीनं," तो म्हणाला. "हिचा पहिल्याच झटक्यात पास! घरी पेढे कुणी वाटायचे? मी!"

जाई रडली नाही. तिनं कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"ते पत्र मी लिहिलं आणि ते खोटं आहे, असं त्या ऑफिसला सहीनिशी लिहून देणार आहेस, शिरीष? हो की नाही? बोल!"