घडीची होडी

"सायकलच्या चाकात हवा भराल का?" असं विचारत तो दुकानात शिरला आणि समोरच्या रबरी होड्यांकडे बघतच राहिला.

"इथे होड्यांत हवा भरतात," ती म्हणाली. "पण आणा चाक."

तो नद्यांची खोली मोजणारा. दर वर्षी नवं गाव, नवी नदी. यंदा त्याला स्वतःची होडी घ्यायची होती. एक होती कडक तळाची, लाटेला दाद न देणारी. पण तिला धक्क्यावर कायमची जागा हवी. दुसरी घडीची, हवा सोडली की गाडीच्या डिकीत. एवढं सांगायला तासभर पुरे होता, तिने महिना लावला. तोही रोज नवी शंका घेऊन हजर.

"हिची घडी एकट्याला जमते?"

"छे… दोघं लागतात." तिने चक्क थाप मारली. मग दोघं शेजारी गुडघे टेकून हवा दाबत पुढे सरकायचे. त्याचा खांदा लागायचा आणि तिच्याकडची घडी हमखास वाकडी व्हायची.

"पुन्हा?" तो हसायचा.

"पुन्हा."

एके दिवशी तो म्हणाला, "आता तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ती घेतो."

कडक तळाची म्हटलं की तो इथलाच होणार होता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण दुकान सोपवताना वडिलांनी एकच बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या गळ्यात चुकीची होडी मारायची नाही.

"तुमचं काम फिरतीचं," ती म्हणाली. "घडीची घ्या."

तो पैसे मोजायला लागला. मग घडीची घेऊन गेला.

चार महिन्यांनी आला, तो होडीचा व्हॉल्व्ह गळतो म्हणून. लांबच्या बंदरात पक्की नोकरी धरली होती. पुढच्या महिन्यात तिथेच लग्न.

"त्या दिवशी धक्क्यावर जागा बघून आलो होतो," तो म्हणाला. "इथेच राहायचं म्हणून. तुम्ही घडीची म्हणालात… वाटलं, जा म्हणताय."

"मग सरळ विचारायचं होतं."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

तिला त्याचा राग आला, त्याहून स्वतःचा. तिने व्हॉल्व्ह बदलला आणि सवयीने गुडघे टेकायला पुढे झाली.

"राहू द्या." त्याने एकट्यानेच हवा काढली, घड्या घातल्या. एकही वाकडी नव्हती.

"एकट्याला जमतं… हे कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात," तो पट्टा आवळत म्हणाला. "तुम्ही जेवायला गेला होतात, तेव्हा करून पाहिली होती."