कोरा फिल्टर

दर बुधवारी सकाळी साडेनऊला मी शाळेच्या छतावर जाते. तीन जिने, मग लोखंडी शिडी, मग पाण्याच्या टाकीशेजारी माझं मशीन. मोटर हवा ओढते, हवेतली धूळ एका गोल पांढऱ्या कागदावर बसते. बिस्किटाएवढा कागद, त्यालाच आम्ही फिल्टर म्हणतो. तो गुरुवारी काढायचा, प्रयोगशाळेत नेऊन एक दिवस कोरड्या पेटीत ठेवायचा आणि शुक्रवारी वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे चोवीस तासांची धूळ. हवा मोजणं ऐकायला मोठं वाटतं, पण काम एवढंच आहे.

आभार नक्की कोणाचे मानायचे हे मला ठाऊक नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

हे काम मला मिलिग्रॅमकाकांनी शिकवलं. प्रयोगशाळेत सगळेच त्यांना त्या नावानं हाक मारत. मिलिग्रॅमपेक्षा मोठ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. "किलोत बोलणारी माणसं थापा मारतात," म्हणायचे. त्यांचे दोन नियम होते. पहिला, वजनकाट्यासमोर श्वास रोखायचा. काटा काचेच्या पेटीत असतो, तरी आकडा स्थिर होईपर्यंत श्वास घ्यायचा नाही. दुसरा, कोरा फिल्टर कधी चुकवायचा नाही.

कोरा फिल्टर म्हणजे न वापरलेला कागद. बंद डबीत घालून तो छतावर न्यायचा, मशीनच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवायचा, आणि डबी न उघडता परत आणायचा. त्याचं वजन वाढता कामा नये. वाढलं तर समजायचं की आपला हात घाण आहे, आणि त्या आठवड्याचे सगळे आकडे रद्द.

माझी मुलगी त्याच शाळेत, छताच्या दोन मजले खाली, तिसरीत बसते. घरात तिला चिमणी म्हणतात. तिला दमा आहे. काही रात्री मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजलेत. तिचा ठेका वेगळाच आहे: तीन आखूड श्वास, मग एक थांबा, मग लांब सुटणारा चौथा. डॉक्टरांनाही मी तो टेबलावर बोटानं वाजवून दाखवला होता.

तिला बरं नसलं की काका माझ्या हातातला फिल्टर उचलायचा चिमटा काढून घेत. "तू जा पोरीकडे. उरलेलं मी बघतो."

त्यांनाही खोकला होता. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्याआधी मी त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. मी निघाले, तर हात हलवून तेच म्हणाले. उरलेलं मी बघतो. सवयीनं म्हणाले असतील.

जूनमध्ये पहिल्यांदा कोरा फिल्टर राखाडी निघाला.

मी डबी उघडली आणि आधी स्वतःची बोटं पाहिली. स्वच्छ होती. मशीनमधला फिल्टर नेहमीसारखा फिकट, आणि बंद डबीतला मात्र भुरकट. वहीत लिहिलं: हाताळणीत चूक. दुसऱ्या दिवशी वारा पडला, कारखान्यांचा धूर खाली बसला आणि चिमणीला वर्गात दोनदा पंप घ्यावा लागला.

तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच झालं. गुरुवारी कोरा फिल्टर राखाडी, शुक्रवारी हवा वाईट.

तिसऱ्या वेळी मी दोन कोरे ठेवले. एक नेहमीचा, एक चिकटपट्टीनं बंद केलेला, पट्टीवर माझी सही. गुरुवारी सही शाबूत होती. नियम मोडून मी दोन्ही डब्या छतावरच उघडल्या. दोन्ही कागद सारखेच राखाडी होते.

छताची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या मावशी माझ्या मागे उभ्या होत्या.

"बाई, तुमच्या मशीनला औषध द्या काहीतरी," त्या म्हणाल्या.

"का?"

"खोकतंय की. काल मी टाकीचं झाकण लावायला आले होते."

"मोटरचा आवाज असेल, मावशी."

"मोटर वर आहे. हे खालच्या कप्प्यातून येत होतं." मग हसून म्हणाल्या, "जाऊ द्या, माझेच कान म्हातारे झालेत." पण त्यानंतर त्या शिडीपाशीच थांबू लागल्या.

त्या शुक्रवारी मी चिमणीला घरी ठेवलं, खिडक्या लावून घेतल्या. दुपारी आकाश तांबूस झालं. ती पलंगावर बसून चित्रं रंगवत होती. पंप लागला नाही.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला बोलावलं. समोर माझी वही उघडी होती.

"तीनदा? अगं, कोरा कागद काळा म्हणजे काय समजायचं मी? हात धुतेस ना?"

"धुते, मॅडम."

"काका असते तर त्यांनी तुला काट्याजवळ उभं केलं नसतं. आणखी एकदा असं झालं तर ते शाळेचं ठिकाण दुसऱ्याकडे देईन. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटलं नाही. भीती वाटली. ते ठिकाण गेलं असतं तर डबी दुसऱ्या कोणी उघडली असती, आणि त्यांनी फक्त रद्द असा शेरा मारला असता.

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी मी पुन्हा डबी छतावरच उघडली.

कागद काळा होता. तव्याच्या बुडासारखा. ऊन स्वच्छ होतं, दूरची टेकडी दिसत होती, मोबाइलवर उद्याची हवा हिरव्या रंगात दाखवत होते. खाली मैदानात चुन्याच्या रेघा मारणं चालू होतं. उद्या खेळांचा दिवस. चिमणीचं नाव लिंबू-चमच्यात होतं. तिनं आठवडाभर घरात सराव केला होता, बटाटा घेऊन.

चिमणीला मी घरी ठेवू शकत होते. बाकीच्या चारशे मुलांचं काय? मी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले.

"उद्या मुलांना मैदानात आणू नका," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "आकडा काय आला?"

"आकडा उद्या मिळेल. कागद एक दिवस वाळावा लागतो."

"मग आज काय आहे तुमच्याकडे?"

मी डबी टेबलावर ठेवली. "हा कागद. आणि नियमाप्रमाणे ही माझी चूक मानली जाते."

त्यांनी डबी हातात घेतली. "चारशे पालकांना मी काय सांगू? की बाईंच्या हातून कागद मळला?"

"हो. तसंच सांगा. दोष माझ्यावर घाला."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

त्यांनी डबीचं झाकण स्वतः लावलं. "ते म्हातारे काका यायचे ना तुमचे? एकदा म्हणाले होते, ही पोरगी चुकली तरी तिचं ऐका. मला तेव्हा गंमत वाटली होती." मग त्यांनी मावशींना हाक मारली आणि सभागृह उघडायला सांगितलं.

शुक्रवारी सगळे खेळ सभागृहात झाले. काही पालक चिडून बोलले. एक आजोबा मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाहेर सोन्यासारखं ऊन पडलंय आणि मुलांना कोंडून घातलंय. शिकलेल्यांचं डोकं असंच असतं." मी ओल्या चादरी पिळून दारांच्या फटीत सरकवत होते.

अकरा चाळीसला कचऱ्याच्या डेपोला आग लागली.

धूर भिंत सरकावी तसा आला. मैदानावरच्या चुन्याच्या रेघा एकेक करून पुसल्या गेल्या. खिडकीबाहेर काही दिसेना. ते आजोबा माझ्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसले आणि चादर पिळू लागले.

आत चिमणी लिंबू-चमच्यात तिसरी आली.

दुपारी धूर विरला. मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले, बाहेरच्या बाकावर बसवलं आणि काट्याच्या खोलीत शिरले. काळा कागद वाळला होता. तो मी काट्यावर ठेवला, काचेचं दार लावलं आणि श्वास रोखला.

आकडा स्थिर होईना.

तो वर गेला, खाली आला. पुन्हा वर. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. मी कागद काढला. रिकामा काटाही तसाच हलत होता.

तीन छोट्या वाढी. एक थांबा. मग एक लांब उतार.

तीन. थांबा. लांब.

मी दार उघडून बाहेर पाहिलं. चिमणी बाकावर पाय हलवत बसली होती. तोंड मिटलेलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. श्वास शांत, सरळ, एकसारखा. असा तिचा श्वास मी आठ वर्षांत पाहिला नव्हता.

"काय गं आई?"

"काही नाही."

मी आत आले. काटा तसाच हलत होता. मी त्याला हात जोडले. एरवी मी कशाला हात जोडत नाही.

त्या काळ्या कागदाची चौकशी झाली. मॅडमनी ते ठिकाण माझ्याकडेच ठेवलं. आता डबी उघडली की मी आधी मुख्याध्यापिका बाईंना फोन करते आणि त्या आकडा विचारत नाहीत. चिमणीचा पंप दप्तराच्या कप्प्यात पडून आहे. तिला गेल्या पाच महिन्यांत तो एकदाही लागला नाही. हल्ली ती मैदानात पळते, आणि मी कुंपणापाशी उभी राहून तिला पोटभर पाहते. एवढं सुख मला मागताही आलं नसतं.

काटा दुरुस्त करणारे दोनदा येऊन गेले. त्यांना दोष सापडला नाही. मी त्याच्यावर काम करायला शिकले आहे. तिसऱ्या श्वासानंतर जो थांबा येतो, त्यात आकडा स्थिर असतो. तेवढ्यात वाचायचा. सुरुवातीला जेमतेम वाचून व्हायचा.

आता आकडा मी वहीत लिहून, पेन ठेवून, पुन्हा वर पाहते, तरी चौथा श्वास सुटलेला नसतो.