एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

लातूरची शिकवणी मोडून मी चाकूरच्या या गल्लीत का राहतो, विचारलंत म्हणून सांगतो. बसा, आधी पाणी घ्या.

पत्र्याच्या खोलीत मी नऊ मुलींना गणित शिकवायचो. कूलर एकच, त्यामुळे पुढच्या जागेवरून पोरींची रोज भांडणं. हजेरीतल्या तीन आणि सहा नंबरच्या मुली मध्येच सोडून गेल्या होत्या. उरलेले नंबर बघून एकदम सुचलं, १४२८५७! दोनाने गुणा, २८५७१४. तिनाने गुणा, ४२८५७१. आकडे तेच, नुसत्या जागा बदलतात. मग सोमवारी एकाने गुणायचं, मंगळवारी दोनाने, आणि उत्तर येईल त्या क्रमाने कूलरपासून बसायचं. शनिवारपर्यंत प्रत्येकीला एकदा कूलर मिळे. सुंठीवाचून खोकला गेला. माझी ऋतुजा सात नंबर. पोटची म्हणून झुकतं माप नव्हतं.

राहिली नऊ नंबरची सिंधू, इथलीच, चाकूरची. त्या संख्येत नऊ नाही, म्हणून तिचं स्टूल दाराशी, उन्हाच्या झळीत.

"सर, माझा नंबर कवा यायचा?"

"सातानं गुणून बघ," मी हसलो.

९९९९९९. पण सातवा वार रविवार, म्हणजे सुट्टी.

एप्रिलमध्ये सिंधूला ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून पुढच्या रविवारी मी वर्ग ठेवला. सवयीने फळ्यावर त्या वाराचा गुणाकार मांडला, सातानं. ९९९९९९. भर दुपार, लाईट गेलेली, कूलर बंद, तरी खोली गार पडत चालली. हजेरी सुरू केली.

"एक?"

कुणी बोललं नाही. चार, दोन, आठ, पाच... कुणीच नाही. "सात?" म्हटलं, तर ऋतुजा माझ्याकडे बघेसुद्धा ना.

"न... नऊ?"

"हाव सर..."

सहाही जणी बोलल्या. आवाज मात्र एकच होता.

पाचजणी दप्तरं तिथंच टाकून निघून गेल्या. मी ऋतुजाचा हात घट्ट धरला.

"बाळा, घरी चल."

"सर... मला चाकूरला सोडा की. माय वाट बघून राहिली."

जन्मात तिने मला पप्पा सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मी समजावलं, रागावलो, तोंडावर पाणी मारलं. तिचं आपलं तेच. शेवटी गाडीवर बसवून चाकूर गाठलं. वाटलं, सिंधूच्या आईचे पाय धरू, चूक कबूल करू आणि माझी पोर परत मागू.

ते समोरचं घर. सिंधूची आई, चांगुणाबाई, दारातच उभ्या होत्या. मी वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"किती उशीर केला सर," त्या हळूच म्हणाल्या. "पाच कवाच जेवाया बसल्या. हीच राहिली व्हती."

ऋतुजाने माझा हात सोडला, चप्पल काढली आणि आत गेली. चांगुणाबाईंनी आतून कडी लावली.