चित्राचं पाऊल

रामकिशनने माझ्यावर पहिल्यांदा पाणी उडवलं, तेव्हा उदगीरमध्ये कळशीभर पाण्यासाठी झिंज्या उपटल्या जात होत्या. त्यामुळे मी रागवावं की खूश व्हावं, हेच मला कळेना.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, दुष्काळ तेवढा जुनाच. आमच्या गल्लीत सकाळी सरकारी टँकर यायचा. पहाटे रांगेत घागर ठेवून खुशाल घरी जावं. घागर उभी म्हणजे माणूस उभा. कितीही भांडणं होवोत, दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावत नसे. मी मात्र घागरीपाशीच बसून वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचायचे आणि सगळी रांग ऐकायची.

त्या दिवशी शेवटचं प्रकरण होतं. घर सोडून आलेली चित्रा फलाटावर उभी, ज्याच्यासाठी आली तो डब्याच्या दारात. बायकांनी श्वास रोखलेले. मी वाचलं, "गाडीची शिट्टी झाली. चित्राने पाऊल उचललं..."

आणि टँकरचा पाइप निसटला. मी, माझी वेणी, पुस्तक — सगळं चिंब!

"डोळे हायत का बटणं?" मी ओरडले.

"माफ करा ओ... हातातून सुटला." टँकरवर नवीनच आलेला, नांदेडजवळच्या लोह्याकडचा सावळा पोरगा. घाबरला होता, आणि तरी हसत होता.

मी ओलं पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा! "शेवटचं पान वाहून गेलं की! पाऊल उचललं, पुढं काय? माझा शेवट आणून द्या."

"आणतो की. लातूरला रोजच जाऊन राहिलो."

त्याने खरंच लातूरच्या वाचनालयातून दुसरी प्रत आणली. पण चेहरा पडलेला. "तिथं बी पाऊल उचललंय, अन् संपलंय."

मग काय, गल्ली पेटली!

"असा शेवट असतो व्हय?" रत्नम्मा कडाडली. "अर्धी भाजी चिरून उठल्यावानी!"

"गेली असंल," सुमनबाई म्हणाली. "एवढी पिशवी भरून आलेली, परत कशी जाईल?"

"कुठली जातीय!" मल्लम्मा अज्जीने बोळक्या तोंडाने निकाल दिला. "घरी गेली. घरचं पाणी कोण भरंल? तिचा बाप?"

सगळ्या खो खो हसल्या. मी रामकिशनकडे पाहिलं. "आणि तुमचं काय म्हणणं?"

"गेली. तो हात पुढं करून उभा हाय ना."

"लई खात्री हाय तुम्हाला!"

"दारात उभं राहणाऱ्याला खात्री ठेवावीच लागती... जगदेवी."

"नाव कुणी सांगितलं?"

"रोज ऐकतो की. जगदेवी, घागर सरकव! जगदेवी, पाय काढ!"

मी तोंड फिरवलं, कारण मला हसू आवरेना. टँकरखाली ओल्या झालेल्या मातीचा वास येत होता. त्या उन्हाळ्यात तेवढाच एक थंड वास होता, आणि तो त्याच्याबरोबर यायचा.

रोज चित्रावरून वाद. ती गेली, ती नाही गेली. तो माझी घागर काठोकाठ भरायचा आणि चुंबळीवर ठेवताना विचारायचा, "पटलं का आज?" मी म्हणायचे, "न्हाई." पटलं असतं तर उद्या बोलायचं काय? चित्रा निमित्ताला होती, हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्हाला वाटायचं, बाकी कुणाला ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी त्याने माझ्याकडे न पाहताच सांगितलं, "माझं इथलं काम संपलं. नांदेडला छापखान्यात लागलोय." घागर भरून सांडायला लागली तरी त्याने पाइप काढला नाही. "तू लिंगायत, अडत्याची लेक. मी मराठ्याचा, कोरडवाहू रानातला. तुझे अप्पा हाव म्हणणार न्हाईत. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन राहिलो. दारात उभा राहतो... येशील?"

माझे डोळे हो म्हणाले, आणि ते त्याने वाचले.

घरी धाकट्या शांताची सोयरीक बिदरला जमली होती. थोरली पळाली तर धाकटीचं मोडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. त्या संध्याकाळी शांताने नव्या बांगड्या आधी माझ्याच हातात घालून पाहिल्या. "तुला किती शोभतात, अक्का," म्हणाली.

पहाटे मी रांगेत घागर ठेवली. अप्पा-अव्वाच्या लेखी मी रांगेत होते. आणि स्टेशनवर गेले.

तो दारात उभा होता, हात पुढे करून. "ये," एवढंच म्हणाला. मला त्याच्याबरोबर जायचं होतं. आयुष्यात इतकं काहीच हवं वाटलं नव्हतं. गाडीची शिट्टी झाली. माझ्या मनगटावर अजून शांताच्या बांगड्यांचा वळ होता.

मी पाऊल उचललं. मागे.

त्याने हाक मारली नाही. हात तेवढा बाहेरच होता, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

रडून घ्यायलाही वेळ नव्हता, टँकर यायची वेळ टळून गेली होती. धावत गल्लीत आले, तर रांगेत माझी घागर नाही! जागासुद्धा बुजलेली. त्या गल्लीत कुणी कुणाची घागर हलवलेली मी पहिल्यांदा पाहत होते. रत्नम्माने तोंडाला पदर लावला.

मल्लम्मा अज्जी उठून जवळ आली. "तुझी घागर भरून घरी पोचती केली," ती हळू बोलली. "तुझ्या अव्वाला म्हणलं, जगदेवी महादेवाच्या देवळात बसलीया, दुपारी यील. वाटलं, तवर गाडी लांब जाईल..." तिने माझी हनुवटी धरली. "परत का आलीस गं, लेकी?"

"अज्जी, तुम्हीच म्हणला होता ना... चित्रा घरी गेली म्हणून?"

"ते चित्राचं न्हवं, मी माझं सांगितलं होतं गं."

मी घरी गेले. घागर ओट्यावर होती, काठोकाठ भरलेली. अव्वाने विचारलं, "एवढ्या लवकर आलीस?" मी हो म्हटलं, आणि करायला काहीच नव्हतं म्हणून घागरीपाशी बसून राहिले.