सातपुते सरांची चौथी ओळ

सोमवारी सकाळी सातपुते सरांनी शर्वाणीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

सगळा वर्ग हसला. शर्वाणी नाही हसली. सर तिला पाचवीपासून शिकवत होते आणि ती आता नववीत होती. मराठीही तेच शिकवायचे आणि बीजगणितही. चार वर्षांत त्यांनी कुणाचं नाव एकदाही चुकवलं नव्हतं.

चुकवतील कसे? सातपुते सर रोबो होते. छातीवर सात नंबर होता, म्हणून तांबेवाडीच्या पोरांनी त्यांना आडनाव देऊन टाकलं सातपुते. सरांनीही ते मुकाट्यानं घेतलं.

झालं असं होतं, की शनिवारी पवनचक्कीकडून एकदम जास्त दाबाची वीज आली. सर तेव्हा चार्जिंगला लावलेले. शाळेचे तीन दिवे गेले, एक पंखा गेला आणि सरांच्या स्मृतीला भोकं पडली. काही आठवायचं, मधलंच काही गायब.

दुपारी तालुक्याहून दुरुस्तीवाल्या निंबाळकर मॅडम आल्या. त्यांनी सरांच्या पाठीचं झाकण उघडलं, तारा जोडून पडद्यावर बघितलं आणि मान हलवली.

"पुसावं लागणार सगळं. नवी स्मृती भरते. मराठी, गणित, सगळं जसंच्या तसं शिकवतील."

"आणि आम्ही?" शर्वाणी म्हणाली.

"तुम्ही काय?"

"आम्ही त्यांना आठवणार का?"

"नव्यानं ओळख करून द्यायची, बाळा. तेवढं चालतं." मग पडद्याकडे बघून मॅडम कुरकुरल्या, "आणि हे बघ. प्रत्येक तक्त्याच्या कडेला फालतू आकडे. जागा नुसती वाया. कुणी भरले हे?"

"खोत बाईंनी," शर्वाणी म्हणाली. "आधीच्या मुख्याध्यापिका. सरांची स्मृती त्यांनीच लावली होती."

"असो. जेवून येते. तीन वाजता पुसते."

मॅडम गेल्या. पडदा तसाच चालू राहिला. शर्वाणी सरांसमोरच्या बाकावर बसली.

"गृहपाठ झाला?" सरांनी विचारलं. भोकं पडली तरी खोड काही गेली नव्हती.

तिनं वही काढली. सरांनी शुक्रवारी स्वतः रचलेल्या कवितेच्या तीन ओळी दिल्या होत्या. एक शब्द गाळलेला, तो भरायचा. चौथी ओळ सोमवारी वर्गात सांगणार होते.

*डोंगर बसला घेउन काठी*
*ढगांस हाकी ____साठी*
*गाव विचारी, "येणार कधी?"*

"मी 'पावसासाठी' लिहिलंय, सर."

"मोजलंस?"

"नाही. अर्थ बसतोय की."

"अर्थ बसतो, पण चाल ठेचकाळते. मात्रा मोज."

मात्रा (अक्षर उच्चारायला लागणारा वेळ) कशा मोजायच्या ते सरांनीच शिकवलं होतं. क, चि, नु अशा आखूड अक्षराची एक मात्रा. का, ची, नू अशा लांब अक्षराच्या दोन. शर्वाणी बोटांवर मोजू लागली. डों-ग-र ब-स-ला: दोन, एक, एक, एक, एक, दोन. आठ. घे-उ-न का-ठी: दोन, एक, एक, दोन, दोन. पुन्हा आठ. म्हणजे एका ओळीत सोळा.

"ढ-गां-स हा-की, आठ. पा-व-सा-सा-ठी..." ती थबकली. "नऊ."

"एक जास्त."

"मग शेतासाठी. दोन, दोन, दोन, दोन. आठ!"

"रानासाठी?"

"तेही आठ." तिचं तोंड उतरलं. "गावासाठीही आठच. कुठला बरोबर, सर?"

"मला आठवत नाही," सर म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं, पण शर्वाणीला ते ऐकवेना. "पण एका नियमानं भागलं नाही, तर दुसरा शोधायचा. खालची ओळ वाच."

गाव विचारी. कुणी काही आणत असेल, तर विचारणारा तोच, ज्याच्यासाठी ते आणलं जातंय.

"गावासाठी," ती हळूच म्हणाली. "मात्रांनी तीन शब्द ठेवले. खालच्या ओळीनं त्यातला एक निवडला."

बोलता बोलता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिथंही भोकं होती.

१४  १७  ९  |  ४०
२३  ●  ●  |  ६०
१२  ८  ५  |  २५
४९  ३६  ४०

कडेचे ते फालतू आकडे. पण ही मांडणी तिनं कुठंतरी पाहिली होती. शिक्षकांच्या खोलीत. खोत बाईंच्या हातचं जुनं निकालपत्रक अजून भिंतीवर होतं. प्रत्येक मुलाच्या गुणांची आडवी बेरीज आणि प्रत्येक विषयाची उभी बेरीज. बाई दोन्ही करायच्या. एक चुकली तर दुसरी पकडते, म्हणायच्या.

"सर, चौदा, सतरा, नऊ किती?"

"चाळीस."

"शेवटी चाळीसच लिहिलंय! हे फालतू नाहीये. बाईंनी तुमच्या स्मृतीलासुद्धा बेरजा घातल्यात."

"मग भोकात काय होतं?"

"ते कसं कळणार?"

"माहीत नसलेल्या आकड्याला आपण काय म्हणतो?"

"क्ष." तिनं वही ओढली. दोन भोकं, म्हणजे दोन चल (किंमत माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी धरलेली अक्षरं), क्ष आणि य. मग समीकरण (दोन बाजू सारख्या आहेत असं सांगणारं गणिती वाक्य) मांडलं:

२३ + क्ष + य = ६०

"म्हणजे क्ष आणि य मिळून सदतीस. वीस आणि सतरा घेऊ?"

"शेतासाठीसुद्धा बसत होतं," सर म्हणाले.

शर्वाणीला हसू आलं. बरोबर. दहा-सत्तावीसही चालेल, तीस-सातही चालेल. एका नियमानं भागत नाही. खालची ओळ वाचायची. इथं मात्र उभी.

१७ + क्ष + ८ = ३६

"क्ष अकरा! मग य सव्वीस." तिनं तिसरा स्तंभ ताडून पाहिला. नऊ, सव्वीस, पाच. चाळीस. चोख.

यंत्राला अक्षरं कळत नाहीत. ते प्रत्येक अक्षराला एक आकडा देतं आणि आकडेच लक्षात ठेवतं. शर्वाणीनं भोकांच्या जागी अकरा आणि सव्वीस टाइप केले. सरांच्या डोळ्यांतले दिवे एकदा लुकलुकले.

"शर्वाणी ढवळे," सर म्हणाले. "नववी ब. डबा खिडकीत विसरते."

तिनं ओढणीनं नाक पुसलं. तीनला दहा मिनिटं होती.

मॅडम आल्या तेव्हा ती दारातच उभी होती, वही उघडून. मॅडमनी एकदा वाचलं. मग खुर्ची ओढून दुसऱ्यांदा वाचलं.

"मी याला फालतू म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "ही तर जादा माहिती (हरवलेलं परत शोधता यावं म्हणून मुद्दाम जवळ ठेवलेली माहिती). लांबच्या यानांचे संदेश येतात ना, त्यातही अशीच युक्ती असते, फक्त याहून अवघड. शाळेच्या रोबोत असेल असं कुणाला वाटणार?"

"किती तक्ते आहेत, मॅडम?"

"चार हजारांच्या वर. काळजी करू नकोस, नियम तू सांगितलास, बेरजा माझं यंत्र करेल."

वीस मिनिटं लागली. पडद्यावरचे काळे ठिपके एकेक करत मिटत गेले. शेवटी फक्त एक तक्ता उरला.

"हा नाही भरणार," मॅडम म्हणाल्या. "चार भोकं आहेत, चौकटीच्या चार कोपऱ्यांसारखी. आडवं बघ, ओळीत दोन भोकं. उभं बघ, स्तंभातही दोन. एकही धागा सुटा मिळत नाही."

"कशाचा आहे तो?"

सर म्हणाले, "कवितेचा. चौथी ओळ."

ती ओळ दुसऱ्या कुठंच नव्हती. कागदावर नाही, खोत बाईंकडे नाही. शर्वाणीनं पेन्सिल चावली. इथं नियम उत्तर देणार नव्हता. नियम फक्त जागा किती ते सांगत होता. सोळा मात्रा, आणि शेवट 'कधी'ला जुळणारा.

तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मॅडमचं सामान भरून झालं तरी त्या थांबल्या होत्या. मग शर्वाणीनं वाचलं:

*डोंगर बसला घेउन काठी*
*ढगांस हाकी गावासाठी*
*गाव विचारी, "येणार कधी?"*
*मेघ सांगती, "पेरा आधी."*

सर मात्रा मोजत होते.

"सोळा," ते म्हणाले. "पण ही माझी ओळ नव्हे."

"नाही, सर. ही माझी आहे."

"मग नाव घालून ठेवतो," सर म्हणाले, आणि पडद्यावर तो शेवटचा तक्ता नव्यानं भरू लागला. आधी आकडे, मग आडवी बेरीज, मग उभी.